छज्ज्याखालची खाच

मखमलाबादच्या शाळेचा छज्जा मी काढला तेव्हा
माझं वय सव्वीस, आणि पेन्सिल नवी.
रेष अशी हवी होती, की वाटावं
काँक्रीट नाही, कागदाची घडी आहे.

पुंजाजी धोत्रे फळीवर उकिडवे बसून म्हणाले,
"बाई, खालून अर्ध्या इंचाची खाच मारून देतो.
पाण्याला सुटायला जागा लागती.
नाहीतर ते भिंत धरधरून उतरतं,
म्हाताऱ्या माणसावाणी."

मी म्हणाले, नको. रेष बिघडेल.
त्यांनी थापी उपडी ठेवली
आणि पुढचे आठ दिवस
माझ्याशी फक्त मापांत बोलले.

त्र्यंबककडचा पाऊस उभा पडत नाही, आडवा येतो,
हे मला ठाऊक होतं तसं.
पण नकाशात पाऊस काढत नाहीत.
उत्तरेचा बाण काढतात, दारांची पाव वर्तुळं,
एखादं झाड, शोभेला.
या शहरात गोदेचा पूर मारुतीच्या अंगावर मोजतात,
गुडघ्याला लागला, कमरेला लागला,
आणि मी चोवीस वर्षांत एकदाही
त्या भिंतीवर बोट ठेवून बघितलं नाही
पाणी कुठवर आलंय.

यंदा महापालिकेचं पत्र आलं. रंगकामाआधी पाहणी.

पश्चिमेची भिंत.
छज्ज्यापासून जोत्याकडे निघालेला काळा ओघळ,
शेवाळाची किनार,
मध्येच तांबूस, आतली सळई गंजून पाझरलेली.
मी तोंड फिरवलं.

सहावीतली प्रणिता काकड पट्टी घेऊन आली.
"ही गोदावरी. ही दारणा.
कादवा अजून मिळाली नाही,
दोन पावसाळे लागतील."
ओघळाच्या कडेने सालं लिहिलेली,
खडूने, पेन्सिलने, कुणी खिळ्याने कोरलेली.
निकम बाईंची शिस्त: जूनमध्ये एकदा, दिवाळीनंतर एकदा.
माझी चूक इतकी नेमाने मोजलेली
मी कुठल्याच कागदावर पाहिली नव्हती.

पुंजाजी करोनात गेले.
त्यांची सून रेणुका कटर घेऊन फळीवर चढली.
"मारू?"
"मार."
पांढरी धूळ. दहा मिनिटांचं काम.

"मग कादवा मिळणारच नाही?" प्रणिताने विचारलं.
मी चष्मा पुसत राहिले.

अहवालात लिहिलं: सळई उघडून दुरुस्त करावी,
खाच केली आहे,
डाग रंगवू नये.
कारणाचा रकाना बराच वेळ रिकामा होता.
शेवटी लिहिलं, वापरात आहे.

भाद्रपदात पुन्हा गेले, छत्री घेऊन, कुणाला न सांगता.
पाणी कडेवरून आत वळलं,
खाचेपाशी अडखळलं,
आणि सुटलं.

भिंतीपासून दोन फुटांवर, मातीत,
थेंबांनी पाडलेल्या खळग्यांची ओळ.
तळमजल्याच्या नकाशात
डोक्यावरचा छज्जा तुटक रेषेनेच दाखवतात.
तीच ही, त्याच मापात,
एका टोकाला जरा वाकडी.
तिथे रेणुकाचा हात हलला असेल,
किंवा तेव्हा माझा,
किंवा वारा होता.