पांढरी पाच

बेडग रस्त्याला दुकान. पाटीवर अजून सासऱ्यांचं नाव,
खाली रंग उडालेलं: मोटार, पंप, मिक्सर भरून मिळेल.
आरगचे, सोनीचे द्राक्षवाले जळके पंप दारात उतरवतात
आणि उतरवायच्या आधीच विचारतात, कधी देता?

गिटार पहिल्यांदाच आली.
मिशन कंपाउंडातला रूबेन आवळे घेऊन आला,
चर्चच्या जुन्या पडद्यात गुंडाळून.
"अक्का, ह्याच्यात पण वाइंडिंगच असतंय म्हणं.
पाळकसाहेब म्हणत्यात, प्रार्थनेत घूं येती."

असतं वाइंडिंग.
तारांखाली दोन बोटं रुंद डबी,
तिच्यात दोन कॉइली खेटून,
एक सुलट भरलेली, एक उलट,
लोहचुंबकाचं तोंडही एकीचं उत्तरेला, एकीचं दक्षिणेला.
बाहेरची घूं दोघींत शिरते आणि एकमेकींत विरते,
तारेचा सूर मात्र दोघी मिळून उचलतात.
वहीत चार वेळा काढून पाहिलं तेव्हा पटलं.
ज्यानं शोधलं तो दोन जावांच्या घरात वाढलेला असणार.

इथं एक जाऊ मेलेली.
मीटरचा काटा हलेना,
आणि कुणीतरी आडवी वायर टाकून तिला कधीच वगळलेलं.
उरलेली एकटीच इतकी वर्षं
सूर आणि घूं दोन्ही ओढत होती.

नवी तार केसाहून बारीक.
पंपाच्या तारेला सरावलेली माझी बोटं तिला जड.
पाच हजार फेरे.
सातशेला तुटली.
दोन हजार एकशे चाळीसला कुणी दारात "मालक हाईत का?" म्हणालं,
मी मान वर केली नाही, तरी तुटली.
तिसऱ्या दिवशी फेरे पुरे झाले.
वर ओतायला मेण हवं, तर रूबेननं
नाताळच्या मेणबत्त्यांची थोटकं पिशवीभर आणली.

मग खटका. पाच घरांचा.
म्हटलं, सांग, कुठल्या घरात काय?
"चार तुमाला वाटंल तशी.
पाचव्यात घूं ठेवा."

मी हसले.
तीस वर्षं माणसं आवाज घालवायला येतात माझ्याकडे.

त्यानं कॅसेट लावली. बुधगावचं कुठलंसं लग्न.
थोरला भाऊ गिदोन वाजवतोय, लोक नाचतायत,
गाणं संपतं.
पुढचं सुरू व्हायच्या आधी
कुणी खोकतं, खुर्ची सरकते,
आणि मागं ती घूं, सरळ, न हलणारी,
बंद न केलेल्या दिव्यासारखी.
"गाणी कोण बी वाजवंल, अक्का.
हितं तो थांबलाय."

शेजारी बाबालालचाचा तंबोऱ्याचा भोपळा घासत होते.
त्यांचा हात थांबला.
उठून आले, कान वाकडा केला.
"पांढरी पाच," म्हणाले. "केसभर चढी."
आत जाऊन एका तंबोऱ्याचा खर्ज
केसभर चढवला आणि छेडला.
महावितरण अख्ख्या जिल्ह्याला एकच सूर देतं,
हे मला त्या दिवशी कळलं.

दोन कॉइलींच्या जोडावरून एक वायर काढली,
पाचव्या घरात नेली, तिथून अर्थिंगला.
चार घरांत मी भरलेली बोलेल.
पाचव्यात ती गप्प,
गिदोनच्या वेळची जुनी एकटी.

बिलात काय लिहू? कॉइल भरणे, खटका, मजुरी.
घूं ठेवणे, असा रकाना आमच्यात नाही.

मंडळाचा स्पीकर आणून जोडला.
एक, दोन, तीन, चार: स्वच्छ.
पाळकसाहेब खूश होतील.
पाचवर खटका पडला आणि ती आली.
तारांना नुसतं बोट टेकलं की ती बसते,
माणसाच्या अंगातून जमिनीत उतरते.
हे मी त्याला सांगणार होते.

रूबेनला माहीत असावं.
हात मांडीखाली दाबून
तो खुर्चीवर बसून राहिला.