मुळं मोजताना

धडगावच्या वर, मोहखेडीच्या उतारावर दोन शेतं,
मध्ये गुडघ्याएवढा दगडी बांध.
अलीकडे पिशवीतलं बियाणं, पिवळं,
एका उंचीचं, शाळेच्या प्रार्थनेला उभं असल्यासारखं.
पलीकडे सायकीबाई पावराचा पांढरा मका:
कुणी कमरेइतका, कुणी मचाणाला टेकलेला,
कुणाच्या गळ्यात वालाचा वेल.

माझं काम सोपं.
बुंध्याला दोर बांधायचा, दोर ताणकाट्याला,
काटा बांबूच्या तिकाटण्याला,
आणि मूळ सुटेल तेव्हाचा आकडा ओरडायचा.
जेहऱ्या, तिचा नातू, लिहून घेतो.
सात उलटा काढतो.
मग बादलीत मुळं धुवायची, किती खाल्ली ते
एक ते सहाच्या पट्टीवर बसवायचं.

मातीत हुमणी.
दुधी, जाड, वाकडी,
पोटाशी पाय घेऊन झोपलेल्या तान्ह्यासारखी,
फक्त डोकं विटकरी, आणि जबडा.
मे अखेरीला बाभळीवर भुंगेरे घोंगावले होते.
तेव्हा दिव्याखाली परात ठेवायचं
कुणालाच सुचलं नाही. मलाही नाही.

अलीकडच्या शेताला पट्टीवर पाच.
पलीकडच्या शेताला पाच.
पुन्हा धुतली, भिंग लावलं. पाचच.
तीच कुरतडलेली, तपकिरी टोकं.
कागदावर फरक नाही.

पण काटा.
पिवळं झाड अकरा किलोला हातात आलं.
पांढऱ्यासाठी एकतीसला मी पाय रोवले,
अडतीसला जेहऱ्या मागून कंबर धरायला आला,
चव्वेचाळीसला तिकाटणंच कलंडलं.
झाड तिथेच.
वालाचं एक फूल तेवढं पडलं.

सायकीबाई बांधावर बसून हसत होती.
"किड्याला जमलं नाही ते तू करतोयस."
मग उठली, कुदळ घेतली,
आणि ओढलं नाही, बाजूने खणत गेली.
खालची मुळं गेलेली. नुसती थोटकं.
पण वरच्या पेरातून नवी निघालेली,
जांभळट, चिकट, करंगळीएवढी,
खाणाऱ्याच्या डोक्यावरून पलीकडे उतरलेली.
आणि त्यांच्यातच हुमणी,
लठ्ठ, जिवंत, काही न झालेली.

मी विचारलं, झाड तिला मारत का नाही?
चीक असेल, वास असेल, काहीतरी असेल.
ती म्हणाली, "कशाला मारेल? मका आहे तो."

रात्री खोलीवर वही उघडली.
प्रतिकाराचा रकाना आहे. दुसरा नाही.
समासात "सोसणं" लिहिलं, खोडलं.
सोसणारं गप्प बसतं.
हे तर खाल्लं जात असताना
दुसरीकडून मूळ काढत होतं.
अमळनेरहून आईचा फोन आला,
"मका पडना का रे?"
"नही," म्हटलं, "उभा शे."
तिने लगेच भाताचं विचारलं, जेवलास का.

घटस्थापनेच्या आदल्या रात्री वारा सुटला.
पिवळं शेत सगळं एका अंगावर झोपलं.
पांढऱ्यातलंही तिसरा हिस्सा कललं,
पण चौथ्या दिवशी
कललेल्यांनी मान वर वळवली होती,
बुंध्यापाशी कोपर, पुढे सरळ.

कणसं? कमी.
हुमणी नसलेल्या वर्षी पिवळं दुप्पट देतं,
आणि सायकीबाईलाही ते ठाऊक आहे,
म्हणून तर अलीकडचं शेतही तिचंच.

बियाण्यासाठी ती सरळ झाडांकडे बघतही नाही.
कोपर असलेली हेरते,
पडून उठलेली.
जुन्या लुगड्याच्या चिंध्या फाडत ती पुढे,
जेहऱ्या मागे गाठी मारत.
त्यांची कणसं चुलीवरच्या दांडीला लागतील,
धूर खात, मृगापर्यंत.

"किती झाली?" मी ओरडलो.
त्याने वही वर धरली. सत्तावीस.
सात उलटा.
राहू दिला.