नाल्याच्या अलीकडे

झरीच्या पुढे, सोनकू आत्रामच्या पोडाला लागून
चुनखडीची एक टेकडी आहे.
ती तेवढीच.
भादव्याच्या उन्हात वर उभं राहिलं
की चपलेतून तवा लागतो.

मला मोजायला पाठवलंय.
पान नसलेलं, चौधारी, बोटाएवढं झाड.
झाड तरी कसं म्हणावं,
बोराटीच्या काट्यांत कुणी
हिरवी बोटं विसरून गेल्यासारखं.
ऑफिसच्या कागदावर त्याचं नाव
दोन शब्दांचं, तिरप्या अक्षरांतलं.
सोनकूच्या बोलीत एकाच शब्दाचं.
मी तो तीनदा म्हणून पाहिला.
त्याच्या बकऱ्या चरत राहिल्या.

सकाळपासून त्रेचाळीस.
सगळी नाल्याच्या अलीकडे.
पलीकडे तेच ऊन, तोच वारा, तीच बोराटी,
आणि एकही नाही.
"काऊन असं?" मी विचारलं, त्याच्यासारखं बोलायला जाऊन.
"त्याले इचारा," सोनकू म्हणाला,
"मले तं पोडाबाहेर झोपच येत नाई."

मागच्या साहेबांनी एक नेलं होतं, कुंडीतून, यवतमाळला.
रोज सकाळी तांब्याभर पाणी.
पंधरा दिवसांत सडलं.

फूल काळपट जांभळं, आतून लवदार,
वास मेलेल्या पालीचा.
मधमाशी फिरकत नाही.
निळ्या माश्या येतात अंडी घालायला,
फसतात,
आणि तेवढ्या फसण्यावर
ही टेकडी चाललीय.

दुपारी पाणी संपलं.
मी बाटली उलटी करून थेंबाची वाट बघत होते,
तेवढ्यात तो वाकला, काट्यांत हात घातला,
आणि एकोणतिसावं,
मीच शेजारच्या दगडावर खडूनं आकडा टाकलेलं,
मोडलं.
शेंडा मला, मधलं त्याला.
मी ओरडायला हवं होतं.
मी चावलं.
आधी कडू, मग खारट,
मग विहिरीच्या तळासारखं गार.
हातात उरलेला नखाएवढा तुकडा
त्यानं दगडाच्या भेगेत खोचला, वर खडा ठेवला.
"हे धरा चव्वेचाळीस."

रजिस्टरात रकाने आहेत:
जिवंत, मृत, इजा झालेले.
खाल्लेले, असा नाही.
पेन्सिलनं चव्वेचाळीस लिहिलं, खोडलं,
परत लिहिलं.

उतरताना एक निळी माशी,
फूल उलटून पाहिलेल्या माझ्या बोटांवर
बसत होती, उठत होती.
स्कूटी नाल्यापलीकडे उभी केलेली.
पाण्यात पाय घातला तेव्हा ती होती.
पुढचं मी पाहिलं नाही.