सातवरून आठवर

रूसे शहरात, डॅन्यूबकाठी, सहाव्या मजल्यावर
अठ्ठ्याण्णव पूर्णांक सहावर अडलीय
बाबांची गायदा, सत्त्याऐंशीची कॅसेट,
कातडी पिशवीत भरलेला श्वास.

राद्को येतो, ओले बूट दाराशी काढून.
फायरवॉल बंद करून बघतो. नाही.
राउटरचा पासवर्ड तळाशी चिकटवलेला,
कॉफीने पुसट.
पोर्ट उघडाच आहे की, म्हणतो,
मग घोडं अडलंय कुठे?

पेराल ते उगवेल म्हणतात.
इथे पेरणारा एकच, कॅल्गरीतला चुलतभाऊ स्तामेन,
आणि तो कॉम्प्युटर बंद करून झोपतो,
त्याची रात्र म्हणजे माझी सकाळ.
पण आत्ता तर जागा आहे!

मग राद्को हसायलाच लागतो.
परवा वीज गेली, तेव्हा राउटरने
घरं वाटली नव्याने: मी सातवरून आठवर.
उघडलेलं दार अजून सातचंच.
तीन दिवस स्तामेन
रिकाम्या घराची कडी वाजवत होता.

सातचा आठ केला.
हिरवा ठिपका. थेंब. थेंब. एकदम शंभर.

सूर धरण्याआधी बाबा खोकतात.
तेवढं कुणी कापलं नाही.

बंद करू? राद्को बूट चढवत विचारतो.
राहू दे.
वर जाणारा बाण हलतोय,
आणखी कुणीतरी अठ्ठ्याण्णववरच
बसून होतं.