घडी

तुर्कूत हिवाळ्यात साडेतीनलाच अंधारतं.
रात्रपाळी संपवून आले की
बूटही न काढता मी फोनवर कपडे घ्यायचे.
मोज्यातून काढलेलं एक बोट पुरायचं.
वॉर्डात कुणी गेलं असेल तर दोन घ्यायचे,
एक हिरवा,
एक तस्साच, पण निळा.

फेब्रुवारीत कपाट उपसलं.
अकरा कपड्यांची घडीच मोडलेली नव्हती.
एकाच्या बगलेत किमतीची चिठ्ठी लटकत होती अजून,
ती टोचली.
सुईसारखी नव्हे, कुसळासारखी,
दिसत नाही आणि जातही नाही.

मग बंद.
"बघू किती दिवस," बहीण राइली म्हणाली.
बोट तरी जायचंच,
पडलेल्या दाताच्या जागी जीभ जाते तसं.

मे महिन्यात बेल वाजली.
कुरिअरवाला योनास. खोका शेजाऱ्यांचा,
पण दार माझं वाजवलेलं.
"हिल्का, बरी आहेस ना?
तीन महिने तुझं काहीच आलं नाही."

इतकं मोजून मला
दवाखान्यातही कुणी विचारलेलं नाही.

म्हटलं, बरी आहे. म्हटलं, थांब जरा.
त्याच्या जाकिटाचा खिसा उसवला होता.
घरात दोरा होता तो फक्त लाल.
"चालेल की," म्हणाला,
आणि उंबऱ्यातच, अंगावरच्या जाकिटाला
मी सहा टाके घातले,
वेडेवाकडे.
जखमेचे बरे जमतात मला.

कपाटात अजून आठ घड्या आहेत.
मोडीन एकेक.
घाई नाही.