एका खणात एकच

रास्ता पेठेत, पॉवर हाऊस चौकाच्या अलीकडच्या गल्लीत
खिंवसरा सायकल डेपो. माडीवर,
फ्रीव्हीलच्या खोक्यांमागे
अठ्ठ्याऐंशी सालापासून चालू असलेला डेटाबेस.
मार्चअखेर तो नव्यात हलवायचा, एवढंच मला सांगितलेलं.

धायगुडेबाईंनी खुर्ची पुसून दिली.
काळा पडदा, हिरवी अक्षरं.
"विचारा त्याला काहीही," म्हणाल्या, "कुरकुरत नाही तो."

मी लोणंदचे हशमत बागवान विचारले.
आले ते अख्खेच आले :
चार फोन, दोन पत्ते, उधारीची मुदत, सव्वीस बिलं,
बिलांच्या पोटात टायर, ट्यूब, स्पोक,
स्पोकच्या पोटात त्याची लांबी.
सगळं एकाच नोंदीत,
माणूस दारात उभा राहावा
पिशव्या, छत्री आणि नातवासकट, तसं.

मी शिकले ते वेगळं.
सरांनी फळ्यावर चौकटी आखल्या होत्या
आणि खडू आपटून म्हणाले होते, एका खणात एकच.
फोनांचा तक्ता निराळा, पत्त्यांचा निराळा,
बिलांचा, बिलातल्या मालाचा निराळा,
आणि कोण कुणाचं हे विसरू नये म्हणून किल्ल्या :
एक स्वतःची, एक परकी.
मला आवडलं होतं ते, खोटं कशाला सांगू.
आमच्या दोन खोल्यांत एकच कपाट होतं,
त्यात बाबांचा दाढीचा ब्रश
माझ्या प्रमाणपत्रांवर वाळायचा.

तर मी बागवानांना सात तक्त्यांत वाटलं.
आता ते पुन्हा उभे करायचे
तर सहा जोड घालावे लागतात.
बाई बघत होत्या. म्हणाल्या,
"सायकल खोलणं सोपं असतं हो."

पण मग मी नव्याला विचारलं,
अठ्ठावीस इंची टायर मागच्या वर्षी
कुठल्या गावाला जास्त गेले?
पापणी लवायच्या आत उत्तर : सासवड.
जुन्याला त्यासाठी एकेका गिऱ्हाइकाची
एकेक पिशवी उघडून बघावी लागली असती.
बाई गप्प झाल्या. मग म्हणाल्या,
"एकतीस वर्षांत हे मला कुणी विचारलंच नाही."

गुरुवारी मी जुन्याची कच्ची फाइल वाचत होते.
त्यात दोन किमतींच्या मध्ये
एक परकं अक्षर पडतं, इंग्रजी वाय,
डोक्यावर तिरकी रेघ.
बागवानांच्या फोनांत एका ठिकाणी
असे दोन वाय शेजारी शेजारी,
मध्ये काही नाही.
कचरा, असं समजून मी ते झाडून टाकलं.
चारांचे तीन फोन झाले.

बाईंनी बोट ठेवलं.
"तिसरा कुठंय?"
तिसरा नाहीच, मी म्हटलं, रिकामा होता.
"रिकामा होता, नव्हता असं नाही.
तो रशीदचा. धाकटा भाऊ त्यांचा.
गेला तेव्हा हशमतभाईंनी फोन करून सांगितलं,
नंबर पुसा. मी पुसला.
जागा नाही काढली.
खालच्या ओळीत नावं आहेत ना, त्याच क्रमाने :
हशमत, दुकान, रशीद, समीना.
जागा काढली असती
तर सुनेचा नंबर रशीदच्या नावावर लागला असता."

माझ्या तक्त्यात ओळींना क्रम नसतो.
गोणीतल्या छऱ्यांसारख्या त्या कशाही येतात,
आणि जे नाही त्याची ओळच नाही.

मी एक स्तंभ वाढवला : क्रम.
एक ओळ घातली : बागवान, तीन, रशीद,
आणि फोनच्या खणात काही नाही.

संध्याकाळी चाचणीने लाल अक्षरांत कळवलं,
नियम मोडला आहे. फोन रिकामा नसावा.
खाली कुणीतरी चाकाचा आऊट काढत होतं,
टिक, टिक, आणि मग बराच वेळ नुसतं फिरणं.
मी नियम उघडला
आणि 'नसावा' खोडून 'असू शकतो' लिहिलं.