मापं

शालननं ब्लाउजाची टेप माझ्या गळ्याभोवती फिरवली,
म्हणाली, साडेसोळा. गिळ बघू एकदा.
गिळलं. सतरा.
दोन्ही लिही, पुण्याचा दुकानदार म्हणालाय,
गळ्याचं रबर सैल बसलं तर नदी आत येते,
आवळ बसलं तर डोळ्यांपुढं काजवे.

हरिपूरच्या घाटाखाली तीस वर्षं
मी बुडी मारतोय अर्ध्या चड्डीवर,
कमरेला दोर, दोराचं टोक बाळकू मेव्हण्याच्या हातात.
एक हिसका म्हणजे थांब. दोन म्हणजे सापडलं.
तीन अजून कधी दिले नाहीत.

गेल्या उन्हाळ्यात मळीचं पाणी उतरलं,
मासे पोट वर करून काठाला लागले.
एका पोराला शोधून वर आलो
तर मांड्यांपासून मानेपर्यंत गांधी.
डॉक्टर म्हणाले, हे पाणी अंगाला लावायचं नाही.
नदीत उतरायचं, आणि पाणी लावायचं नाही!
शालन हसली. मग हसली नाही.
पतसंस्थेत ठराव मांडला तो त्या पोराच्या आजोबांनी.

आता दोन चित्रं समोर.
एक जाड, फोमाचा, उबदार,
पण खोल गेलं की दबतो म्हणे,
गरज पडते तिथंच ऊब संपते.
दुसरा तीन पदरी, ताडपत्रीचा भाऊ,
आत आपला स्वेटर आपण घालायचा.
बाभळीच्या काट्यानं फाटला तर
ठिगळ लागतं, सायकलच्या ट्यूबसारखं.
इथं शालन पुढं सरकली. ठिगळ तिचा विषय.

चेन पाठीला, की छातीवरून तिरकी?
छातीवरची आपली आपण ओढता येते, कुणी लागत नाही.
मी पाठीची सांगितली.
ज्याला कुणी लागत नाही त्यानं पाण्यात उतरू नये,
बाप म्हणायचा. बापाला चेन ठाऊक नव्हती.

मग हातमोजे.
मनगटाला कड्या, कड्यांना मोजे, थेंब आत येत नाही.
शालन म्हणाली, घे.
मी गप्प.
त्या पाण्यात बॅटरी लावली तरी चहाचा गाळ दिसतो.
तिथं डोळे म्हणजे ही दहा बोटं:
दगड, गोणपाट, मुळी,
मग बांगडी. मग केस.
मोज्यातून केस आणि शेवाळ सारखंच लागेल,
आणि एखादीला शेवाळ समजून मी वर येईन
काठावर तिची आई बसलेली असताना.

हात सडतील, शालन म्हणाली.
आल्यावर खोबरेल लाव, म्हटलं.

तिनं पंजाचं माप घेतलंच, साडेआठ,
कागदावर लिहिलं आणि खोडलं.
मग पायाचा नंबर, नऊ. उंची.
मग विचारलं,
रबराला पावडर लावायची म्हणे, बिनवासाची,
आपली गुलाबाची चालंल का?